सुभेदार औटी कादंबरी वाचतात

"तिच्या गालांवर... लाली... चढली."

हे वाक्य कवायतीच्या मैदानावर, समोर अख्खी पलटण उभी आहे असं समजून म्हणून बघा. आमच्या गल्लीत रोज संध्याकाळी काय चालायचं, ते लगेच कळेल.

चहा झाला की सुभेदार औटी ओट्यावरच्या खुर्चीत ताठ बसायचे. चष्मा चढवायचे, पुस्तक दोन्ही हातांनी छातीसमोर धरायचे आणि सुरू व्हायचे. नायिका लाजली तरी आवाज तोच आणि नायकाची गाडी दरीत कोसळली तरी तोच. स्वल्पविरामाला ते श्वास घ्यायचे, पूर्णविरामाला टाच आपटायचे. प्रकरण संपलं की "प्रकरण समाप्त" असंही म्हणायचे, तेही छापलेलं असल्यासारखं.

भिंगारला जुन्या बाजारामागे आमची गल्ली आहे. औटींची आणि आमची एक भिंत सामाईक. मी नगरला एका पतसंस्थेत काम करते. संध्याकाळी घरी येऊन पर्स टेकवेपर्यंत कथानक भिंतीतून आत आलेलं असायचं. माझ्या सासूबाई गुडघ्यांमुळे फार बाहेर पडत नाहीत. त्या खिडकीशी लसूण सोलत बसायच्या आणि मी आल्याआल्या मला मागचं सांगायच्या. "शलाकाच्या बापानं तिला मामाकडे धाडली." मी विचारायची, कोण शलाका? त्या माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मी घरच्याच माणसाला विसरले आहे.

सुभेदार मूळचे पारनेर तालुक्यातले. सगळी नोकरी रणगाड्यांत गेली. त्यात उजवा कान कामातून गेला आणि डावा अर्धा उरला. पुढे लष्कराच्या कॅम्पाजवळ राहायचं म्हणून नोकरीत असतानाच इथे घर बांधलं. मागच्या दारात पेरूचं झाड, आत सिंधूकाकू. काकूंना वाचनाचं वेड. दर शनिवारी कापडी पिशवी घेऊन त्या बाजारातल्या वाचनालयात जायच्या आणि पुस्तक बदलून आणायच्या. दुपारी कधी गेलं तर त्या मागच्या दाराशी पाटावर बसलेल्या दिसायच्या, पुस्तकात बोट घालून. सुभेदारांचा त्या पुस्तकांशी काही संबंध नव्हता. ते वर्तमानपत्र वाचायचे, पहिलं पान आणि हवामान.

मग त्यांच्या मुलाला बंगळुरूला मुलगा झाला. सून नोकरीला. बाळ पाळणाघरात जाण्याइतकं मोठं होईपर्यंत, म्हणजे साधारण वर्षभर, काकूंनी तिकडे राहायचं ठरलं. सुभेदारही सोबत गेले होते, पण पंधरवड्यात परत आले. चौदाव्या मजल्यावरचं घर त्यांना मानवलं नाही. "लिफ्टमधी सलाम केला तर लोक घाबरत्यात," एवढंच कारण त्यांनी सांगितलं. शिवाय घराला माणूस पाहिजे, पेरूला पाणी पाहिजे.

निघताना काकूंनी त्यांना एक काम सांगितलं होतं. "माझं वाचनालयाचं खातं बंद पडू देऊ नका. दर शनिवारी जाऊन पुस्तक बदलून आणत जा." काकूंचा हेतू खातं चालू राहावं इतकाच होता. सुभेदारांनी तो आदेश पूर्ण घेतला. पुस्तक आणलं म्हणजे ते वापरात आलं पाहिजे. "उचललेलं राशन तसंच परत करायचं न्हाई," ते मला म्हणाले. वाचनालयातल्या बाईंना त्यांनी सांगून ठेवलं होतं की काकूंना जे दिलं असतं तेच द्या, माझ्याकडं बघून फरक करू नका.

बाईंनी फरक केला नाही. त्या वर्षात सुभेदारांच्या ओट्यावरून आमच्या गल्लीत काय काय आलं त्याला हिशेब नाही. बऱ्याचशा प्रेमकथाच. पण मध्ये एक बंगालीतून आलेलं लांबलचक घराणं आलं, ज्यात सगळ्यांची नावं सारखी होती आणि सासूबाईंनी बोटांवर नाती मोजून ती लक्षात ठेवली. कोकणातल्या कोळ्यांची एक गोष्ट आली, तेव्हा गल्लीत चार दिवस मासे आणि वादळं. एक खुनाची आली. त्यातला खुनी सुभेदारांनी मध्यावरच पकडला आणि उरलेलं पुस्तक पोलिसांवर चिडत पूर्ण केलं.

नायकांवर त्यांची बारीक नजर असायची. नायक दिसायला कसा, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. "दीड महिना महाबळेश्वरला राहिला हा. ह्याला सुट्टी कोनी दिली?" हा प्रश्न ते पुस्तक खाली करून गल्लीला विचारायचे. भाजीवाला गाडी उभी करून ऐकत असेल तर तो म्हणायचा, श्रीमंताघरचा असेल. सुभेदारांना ते पटायचं नाही. श्रीमंत असला तरी कोणाला तरी विचारून गेला पाहिजे. त्यांच्या मते मराठी कादंबरीतले निम्मे नायक बिनपरवानगी गैरहजर होते.

एकदा शहरातल्या वसतिगृहात राहणाऱ्या दोन मुलींची गोष्ट आली. दोघी एकमेकींच्या प्रेमात पडतात. हे पानापानाने उघड व्हायला लागलं तशी आमच्या गल्लीतले भांडी घासण्याचे आवाजही कमी झाले. सुभेदारांनी आवाज तसूभर खाली आणला नाही. रोजचं प्रकरण रोज. शेवटच्या पानाला टाच आपटून त्यांनी चष्मा काढला. "दोघीबी नोकरीला हायेत. एक आजारी पडली तर दुसरी रात रात बसती. मग अडचन कोनाला हाय?"   तिसऱ्या दिवशी सासूबाई भाकरी थापताना म्हणाल्या, "त्या दोघींतल्या वेणूचा बाप मात्र फार आडमुठा."

जेवणाआधी ते काकूंना फोन करायचे. फोन स्पीकरवर, त्यामुळे तोही गल्लीचाच. तो फोन म्हणजे अहवाल असायचा. पेरूला फळ धरलंय. गॅस आला. शलाकानं होकार दिलाय, परिस्थिती काबूत हाय. पलीकडून काकू काही विचारायला लागायच्या तोवर मागे बाळ रडायचं आणि त्या "ठेवते हं" म्हणायच्या. सुभेदार "ठीक" म्हणायचे. फोन बंद झाल्यावरही ते थोडा वेळ तो हातात धरून बसत, हे मला आमच्या गच्चीवरून दिसायचं. मला वाटायचं, बंद कसा करायचा ते शोधत असतील.

मग गायकवाडांच्या मुलीला बघायला पाहुणे आले.

गायकवाड आमच्या समोरच राहतात. रविवारची संध्याकाळ, खिडक्या उघड्या, पोह्यांच्या बशा फिरलेल्या. मुलीला नाव-शिक्षण विचारून झालं होतं आणि आता पुढे कोण बोलणार या विचारात सगळे थांबले होते. तेवढ्यात समोरून आवाज आला, "हे लग्न... मी... होऊ देणार नाही."

मुलाचे मामा उठून खिडकीशी गेले. ओट्यावर पांढऱ्या मिशांचा एक धिप्पाड माणूस ताठ बसलेला त्यांना दिसला.

गायकवाड धावत आले आणि हात जोडून त्यांनी काय झालं ते सांगितलं. सुभेदारांना फार वाईट वाटलं. त्यांनी पुस्तक मिटलं, आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घातला आणि स्वतः गायकवाडांच्या घरी गेले. बैठकीच्या मधोमध सावधान उभे राहून म्हणाले, "ते वाक्य पुस्तकातलं हुतं. माझा या लग्नाला काही विरोध न्हाई."

तोवर पाहुणे बरेचसे सावरले होते. हे ऐकल्यावर पुन्हा गोंधळले. याचा विरोध असण्याचं कारणच काय, असं मुलाच्या आत्याने तीनतीनदा विचारलं म्हणे. लग्न पुढे जमलं आणि सुभेदारांना पहिल्या रांगेत बसवलं, ते नंतर. पण त्या रविवारनंतर ओट्यावरची खुर्ची आत गेली.

गल्ली एकदम शांत झाली. पहिले दोन दिवस बरं वाटलं. मग सासूबाईंची चिडचिड सुरू झाली. भाजीवाला न थांबता पुढे जायला लागला. शलाका स्टेशनवर उभी होती, गाडी फलाटाला लागलेली होती, आणि ती चढली की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी सासूबाईंनी हुलग्याचे शेंगोळे केले, डबा भरला आणि मला म्हणाल्या, "भाऊजींना देऊन ये. आणि तिचं काय झालं विचारून ये."

सुभेदार आतल्या खोलीत पलंगावर बसले होते. पुस्तक मांडीवर, उघडं. मी शलाकाचं विचारलं तर म्हणाले, ती अजून फलाटावरच उभी हाय. मी म्हटलं, काका, चार दिवस झाले की. वाचलं नाही?

"मनात वाचून बघितलं," ते म्हणाले. "मनात वाचलं का घर ऐकू येतं, सूनबाई."

मला हसू आलं. ज्या माणसाला दारावरची बेल ऐकू येत नाही, त्याला घर काय ऐकू येणार. मी हसले तसे तेही हसले. शेंगोळ्याच्या वासावर दोन शब्द बोलले. मी गायकवाडांना भेटून मध्यस्थी केली. रविवार सोडून बाकी दिवस वाचायला त्यांची हरकत नव्हती. खरं तर गायकवाडवहिनींनाही फलाटावरची काळजी लागली होती. दुसऱ्या दिवशी खुर्ची बाहेर आली आणि शलाका गाडीत चढली.

वर्ष संपत आलं होतं. काकू दिवाळीच्या सुमारास परतणार, असं सुभेदार येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागले. घराला रंग दिला. काकूंचा मागच्या दाराजवळचा पाट धुऊन उन्हात ठेवला.

त्याच दिवसांत वाचनालयातून एक जुनं, शिवणीतून सुटलेलं पुस्तक आलं. नवरा जहाजावर नोकरीला आणि बायको किनाऱ्यावरच्या गावात एकटी, एवढीच गोष्ट. त्यात काही म्हणजे काही घडत नव्हतं. ती उठते, अंगण झाडते, पाणी भरते, खिडकी लावते. मी वाट बघत होते की सुभेदार आता पुस्तक खाली करून काहीतरी बोलतील. ते बोलले नाहीत. रोज येऊन बसत, ठरलेलं प्रकरण वाचत आणि आत जात. भाजीवाला कंटाळून जायला लागला. सासूबाई मात्र ऐकत राहिल्या.

शनिवारी पुस्तक परत करायला ते माझ्या स्कूटरवर बसून आले, कारण गुडघा धरला होता. बाईंनी पुस्तक हातात घेतलं आणि सहज म्हणाल्या, "हे काकूंनी कितीदा नेलंय. मीच एकदा म्हटलं, आता हे तुमच्याकडेच ठेवा."

सुभेदारांनी विचारलं, कधीची गोष्ट ही?

बाई म्हणाल्या, पूर्वीची. तुम्ही नोकरीत होतात तेव्हाची.

 त्या संध्याकाळी फोनवर पेरूचा आणि गॅसचा अहवाल झाल्यावर त्यांनी काकूंना विचारलं, ते जहाजवाल्याचं पुस्तक तू परत परत का नेत हुतीस? काकूंना आधी कुठलं पुस्तक ते आठवेना. मग आठवलं. "आवडलं होतं," त्या म्हणाल्या. मागे बाळ रडलं. "ठेवते हं."

त्यानंतर चारपाच दिवसांनी मला पतसंस्थेत जेवणाच्या सुट्टीत काकूंचा फोन आला. एरवी त्या मला कधी कामावर फोन करत नाहीत. बाळाला पाळणाघरात घातलं होतं, ते तिथे सारखं आजारी पडत होतं. सुनेला कामात बढती मिळाली होती. ती रात्री स्वयंपाकघरात एकटी रडत बसलेली काकूंनी पाहिली होती. काकूंना आणखी वर्षभर तरी तिथे राहावं लागणार होतं.

"त्यांना सांगायचा धीर होत नाही," काकू म्हणाल्या. "तूच सांग ना जरा."

मी म्हटलं, काकू, हे मी कसं सांगू. तुम्हीच सांगायला हवं. ते काही म्हणणार नाहीत.

"काही म्हणणार नाहीत, तेच तर," त्या म्हणाल्या. "भांडले असते तर बरं झालं असतं."

त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. भिंतीपलीकडून आम्ही सगळं ऐकलं. काकू बराच वेळ बोलत होत्या, एकच गोष्ट वेगवेगळ्या प्रकारे. सुभेदारांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "ठीक. पोराची तब्येत महत्त्वाची. पोरीला म्हनावं रडू नको." मग पेरूचं सांगितलं. गॅसचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी चहाची वेळ झाली आणि टळून गेली. ओट्यावर कोणी आलं नाही. सासूबाईंनी लसणाचं ताट पुढ्यात घेतलं होतं, ते तसंच राहिलं. या वेळी त्यांनी डबा दिला नाही की काही विचारून ये म्हणाल्या नाहीत. नुसतं "बघून ये" म्हणाल्या.

सुभेदार मागच्या दारात बसले होते. पाट त्यांना लहान पडत होता, गुडघे वर आले होते. पुस्तक नव्हतं. मी बाजूला पायरीवर बसले. त्यांनीच बोलायला सुरुवात केली. एरवीच्या आवाजात नाही. इतक्या हळू, की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

ते म्हणाले, पलटणीत असताना माझ्या बायकोचं मी कौतुक सांगायचो. बाकीच्यांच्या बायका रडतात, निरोप धाडतात, माझी कधी कुरकुर करत नाही. पुस्तकं वाचत मजेत असते. वाचायचा नाद आहे तिला.

"सुट्टी संपली का मी निघायचो. ही फाटकापतुर यायची, हसायची. मी वळून बघत न्हवतो. बघितलं का पाय जड व्हत्यात." त्यांनी गुडघा चोळला. "पन मी गेल्यावर ही आत जाऊन काय करत असंल, ह्याचा इचार मी कधी केलाच न्हाई. आता कळालं. हितं येऊन बसत असंल. पुस्तक उघडत असंल."

 मी विचारलं, काकूंना सांगितलंत हे?

"फोनवर?" ते म्हणाले. "फोनवर असलं बोलता येतं व्हय."

पेरूच्या झाडाखाली पिकून पडलेली दोन फळं होती. ती त्यांनी उठून उचलली, शर्टाला पुसली आणि एक मला दिलं. आम्ही तिथे बसून पेरू खाल्ले. सासूबाईंनी खिडकीतून एकदा डोकावून बघितलं आणि पडदा सोडून घेतला.

शनिवारी त्यांनी आमच्या दाराशी येऊन विचारलं की स्कूटर रिकामी आहे का. दाढी केलेली होती, इस्त्रीचा शर्ट होता. वाचनालयात आदल्या आठवड्याचं पुस्तक त्यांनी टेबलावर ठेवलं. ते पूर्ण वाचलेलं नव्हतं, हे मला माहीत होतं.  बाई नेहमीप्रमाणे मागे वळून कपाटातून हलकीशी एक कादंबरी काढायला लागल्या. "काकू कधी येताहेत?" त्यांनी पाठमोरंच विचारलं.

सुभेदार म्हणाले, "जरा जाड बघून द्या."

बाई वळल्या. त्यांनी एकदा सुभेदारांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. हातातलं पुस्तक परत जागेवर ठेवलं, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि वर चढून सगळ्यात वरच्या फळीवरून एक भलामोठा ग्रंथ खाली आणला. पदराने त्याच्यावरची धूळ पुसली. सुभेदारांनी तो दोन्ही हातांत घेऊन तोलून बघितला.

"चालंल," ते म्हणाले.